बांगडी वाढली

माझी नोकरी नेमकी कशाची, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत उमगलं नाही. शेजारच्या बायकांनी विचारलं की त्या सांगायच्या, “फोनच्या हापिसात असती, पण फोन काय उचलत न्हाई.” मला याचा राग यायचा, पण खोडून काढता यायचं नाही. परभणीच्या केंद्रात आधी टेलिफोन आणि मग नेट, अशी सगळी हयात मी काढली आणि त्यातला बराचसा वेळ एका थंडगार खोलीत लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे बघत बसले, हे खरंच आहे. बाहेर उन्हाळ्यात डांबर पायाला चिकटायचं आणि आत आम्ही स्वेटर घालून बसायचो.

आता निवृत्त झाल्यावर भाजीवाल्यापासून भटजींपर्यंत सगळे मला विचारतात, मॅडम, आमचं नेट सारखं का जातं? मला उलट विचारावंसं वाटतं, की बाबांनो, इतर वेळी ते का जात नाही, हे कधी विचारलंत का? कारण माझं खरं काम ते होतं. कुठे ना कुठे रोज तुटतच असतं. रस्ता रुंद करणारा जेसीबी असतो, उंदीर असतात, वीज येते-जाते, ज्या पेटीला कुणी हात लावू नये तिला सगळा गाव हात लावतो. हे तुटलेलं तुम्हाला कळू न देण्याचा मला पगार मिळायचा. ज्या दिवशी माझं काम फक्कड झालं, त्या दिवशी माझी कुणालाही आठवण झाली नाही.

राउटर म्हणजे काय, हे मी माझ्या भावजयीला एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरचं उदाहरण देऊन सांगितलं होतं. तुम्ही मोबाइलवरून फोटो पाठवलात की त्याचे बारीक तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो. राउटर फक्त पत्ता बघतो आणि सांगतो, तू मानवतच्या गाडीत बस, तू गंगाखेडच्या. एक रस्ता बंद पडला की तो तुकड्यांना मुकाट्यानं दुसऱ्या गाडीत बसवतो. वाटेत एखादा तुकडा खराब झाला तर तेही कळतं, कारण आपण शाळेत गणिताचा ताळा करून बघायचो तसा प्रत्येक तुकड्याबरोबर त्याचा ताळा दिलेला असतो. ताळा जुळला नाही की तुकडा फेकायचा आणि पुन्हा मागवायचा. काही ठिकाणी पुन्हा मागवायचीही गरज पडत नाही. पाठवतानाच थोडं जास्तीचं पाठवलेलं असतं, त्यावरून गळालेलं भरून काढता येतं. आमच्याकडची माणसं फोनवर हेच तर करतात. “निघालो हाव, निघालो हाव, जिंतूरच्या गाडीत हाव, जिंतूरच्या” असं सगळं दोन-दोनदा बोलतात, म्हणजे एक शब्द खरखरीत गेला तरी दुसरा पोचतो. पुण्याच्या पाहुण्यांना याचं हसू येतं. त्यांची लाईन चांगली असते म्हणून येतं.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, पुढे लागणार आहे. शेजारशेजारचे राउटर एकमेकांना सतत राम राम घालत असतात. काम असो नसो, मी आहे, मी आहे, एवढंच सांगत राहायचं. त्याला उत्तर द्यायचं नसतं, नुसतं ऐकून घ्यायचं असतं. एखादा राम राम आला नाही तर काळजी करायची नाही, एखादा वाटेत हरवतो. लागोपाठ तीन आले नाहीत की शेजारी गेला असं धरायचं आणि दुसरी वाट पकडायची. यंत्राचा हा स्वभाव मला फार शहाणपणाचा वाटायचा.

तर वालूर. तिथल्या ग्रामपंचायतीत आमची एक पेटी होती आणि तिला वीज द्यायला दोन वायरी होत्या. एक जळाली तर दुसरीवर चालावी, एवढाच हेतू. एका सकाळी सगळ्या वालूरचं नेट बंद. गाडी काढून गेले तर एक वायर जळालेली आणि दुसरी वायर पेटीवर छान गुंडाळून ठेवलेली. तिच्या जागी पाणी गार करायच्या मशिनची पिन. पंचायतीचे शिपाई बाबाराव तिथंच उभे होते, अपराधी वगैरे अजिबात नव्हते. मी विचारलं, ही वायर कुणी काढली? ते म्हणाले, “म्याच काढली मॅडम. आधी एक काढून बघितली, चालायलंय. ती लावून दुसरी काढली, तरी चालायलंय. मग फुकट दोन दोन कशाला गुतवायच्या?”

मी चिडले, बोलले, आणि मग त्यांनी पुढे केलेलं पाणी प्यायले. पाणी खरंच गार होतं. परत येताना गाडीत माझ्या लक्षात आलं, की त्या माणसानं दोन्ही वायरी एकेक करून काढून बघितल्या होत्या, आणि आम्ही सगळे जण जोडणी झाल्यापासून एकदाही तसं बघितलं नव्हतं. त्यांचा निष्कर्ष तेवढा चुकला. आमच्या धंद्यातली मेख इथंच आहे. दोन ठेवलं की एक मेलं तरी काम चालतं, काम चालतं म्हणून कुणी तक्रार करत नाही, आणि तक्रार नाही म्हणून जे मेलं ते मेलेलंच राहतं, दुसरं मरेपर्यंत.

आता बांगडीचं सांगते. परभणीहून गंगाखेड, तिथून सोनपेठ, सोनपेठहून पाथरी, पाथरीहून मानवत आणि परत परभणी, अशी काचेच्या तंतूंची केबल जमिनीखालून गोल फिरवलेली होती. कागदावर तिला रिंग म्हणत. गोलात कुठंही एक ठिकाणी तुटलं तर उलट्या बाजूनं फिरून सगळं पोचतं. आम्ही तिला बांगडी म्हणायचो, आणि हा शब्द जिलानीभाईंचा.

जिलानीभाई पाथरीला आमचे केबल जोडणारे होते. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठे, पण मला कायम मॅडम म्हणायचे. घराणं मणियारांचं. त्यांचे वडील बांगड्या भरायचे, बायको रजियाभाभी अजूनही गावोगावच्या बाजारात बांगड्यांचं दुकान मांडतात. काच जोडायचा धंदा घरात मीच काढला, बाकी सगळे काच विकतात, असं ते म्हणायचे. आणि मणियाराच्या घरात बांगडी कधी ‘फुटत’ नाही. तसं म्हणायचंच नसतं. आपल्याकडे दिवा वाढवतात, कुंकू वाढवतात, तशी बांगडी वाढते. जिलानीभाईंनी हा रिवाज सरकारी कामातही आणला. केबल कुठं तुटली की त्यांचा फोन यायचा, मॅडम, मानवतच्या अंगाला बांगडी वाढली. आम्हाला सगळ्यांना ती सवय झाली. तुटली म्हणायला जीभच वळायची नाही.

अशात आमच्याकडे वेंकटराव साहेब बदलून आले. नाव ऐकून आम्हाला वाटलं नांदेडकडचे असतील, देगलूरचे वगैरे. निघाले थेट पलीकडचे, तेलुगू मुलखातले. मराठी ते पुस्तक लावून शिकले होते आणि फार निगुतीनं बोलायचे. ‘आपण भोजन केलेत काय’ असं विचारायचे. माणूस सोन्यासारखा. मी भाच्याच्या लग्नाला म्हणून रजेवर गेले आणि नेमका तेव्हा पाथरीहून जिलानीभाईंचा फोन त्यांनी घेतला. सोनपेठच्या अंगाला बांगडी वाढली, मॅडमला सांगा, एवढंच जिलानीभाई म्हणाले. साहेबांनी त्यांचं अभिनंदन केलं.

जिलानीभाईंना ते टोचून बोलल्यासारखं वाटलं. नवा साहेब तिरकस दिसतो, असं मनाशी म्हणून त्यांनी पुन्हा फोन केला नाही, परभणीहून तुटलेली जागा मोजून कळवतील तेव्हा जोडायला जाऊ म्हणून थांबले. आणि साहेबांनी मी परत आल्यावर मला अगदी शुद्ध मराठीत सांगितलं, की सोनपेठकडे रिंगचा विस्तार झाला आहे. ते विस्ताराचं काम कित्येक दिवस रखडलेलं होतं, त्यामुळे मला बरंच वाटलं. केंद्रातल्या नकाशाच्या पडद्यावर सोनपेठ ते पाथरी हा भाग पिवळा दिसत होता, तो नव्या कामामुळे असेल असं आम्ही सगळ्यांनी धरलं. पिवळा म्हणजे काहीतरी आहे, पण गिऱ्हाइकाला त्रास नाही. कुणाचाही फोन आला नाही. पाथरीचं सगळं मानवतच्या बाजूनं नीट चाललेलं होतं.

मग एका दुपारी मानवत-पाथरी रस्त्यावर जेसीबीनं खोरं घातलं आणि पाथरी नकाशावरून गेली. बँका बंद, एटीएम बंद, दवाखान्याचा फोन बंद, साईबाबांच्या दर्शनाला आलेल्या यात्रेकरूंचे जीपवाल्यांशी पैशावरून वाद, कारण मोबाइलवरून पैसे जाईनात. मला समजेना. मी पडद्यासमोर उभी राहून मोठ्यानं म्हणाले, मानवतकडची वाट बंद तर सोनपेठकडून फिरून जायला काय झालं? वेंकटराव साहेब शेजारीच होते. ते म्हणाले, “हो ना मॅडम. तिकडे तर बांगडी वाढली आहे.”

मी खुर्चीत बसले. मग हसावं की रडावं कळेना म्हणून आधी पाणी प्यायले आणि त्यांना वाढण्याचा अर्थ सांगितला. त्यांचा चेहरा इतका उतरला, की मला त्यांचीच समजूत काढावी लागली. साहेब, चूक तुमची नाही, आम्हीच वाईट बोलायला घाबरतो. ते म्हणाले, मराठीत जे झालं ते सोडून बाकी सगळं म्हणतात काय?

गाडीत यंत्रं टाकून आम्ही दोघं निघालो. केबलमध्ये एका टोकानं प्रकाश सोडला की तो तुटलेल्या जागेवरून परत येतो, त्यावरून तुटलं कुठं ते कळतं. मानवतच्या पुढं एका पुलाजवळचं ठिकाण निघालं. पोचलो तर जिलानीभाई आधीच खड्ड्याशेजारी गोणपाट अंथरून बसलेले. पाथरीला फोन करून त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, बोलावता येणारच नव्हतं. सगळ्यांचे फोन बंद म्हणजे आपल्याला बोलावणं, असं समजून ते जोडायचं मशीन घेऊन परभणीच्या दिशेनं रस्ता बघत बघत आले होते. जेसीबीवाला बाजूला बिडी न ओढता उभा होता. त्याला ती ठिबकची नळी वाटली होती.

केसाहून बारीक काच जोडायची असते. सोलायची, पुसायची, टोक सरळ कापायचं, मग मशिनमध्ये दोन टोकं समोरासमोर ठेवायची. मशीन ती छोट्या पडद्यावर मोठी करून दाखवतं आणि ठिणगीनं चिकटवतं. रंगावरून तंतू ओळखायचे, निळ्याला निळा, नारिंगीला नारिंगी. जिलानीभाईंचा हात बघत राहावा असा होता. वेंकटराव साहेब त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, भाई, मी अभिनंदन केलं ते खरंच केलं होतं. जिलानीभाईंनी मान वर न करता विचारलं, कशाचं? मी सगळं सांगितलं. ते इतके हसले, की हातातला तंतू खाली ठेवावा लागला.

पलीकडच्या हॉटेलातून चहा आला. मी त्यांचा कप त्यांच्या डाव्या गुडघ्याशी ठेवला. ते काम करत राहिले. केबल जोडून झाली, पाथरीतून पहिला फोन आला, साहेबांनी सगळ्यांशी हात मिळवला. मग जिलानीभाईंनी कपाळ पुसत विचारलं, मॅडम, चहा आला न्हाई का अजून? मला वाटलं थट्टा करतायत. कप तिथंच होता, वर साय धरलेली. मी म्हटलं, गुडघ्याजवळ बघा. त्यांनी हात फिरवला आणि कप लवंडला.

मी एरवी लोकांच्या तब्येतीची चौकशी करणारी बाई नाही. पण त्या दुपारी माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. एक वाट कधीचीच मेलेली आणि दुसरी वाट चालतेय म्हणून कुणाला पत्ता नाही, हेच मी मघापासून बघत होते. त्यांच्या मोटारसायकलच्या डाव्या बाजूला दोन नवे ओरखडे होते, तेही तेव्हाच दिसले. मी म्हणाले, जिलानीभाई, उजवा डोळा हातानं झाका.

त्यांनी हसत झाकला. मग हसणं थांबलं. हात काढला, परत झाकला.

“मॅडम,” ते म्हणाले, “ह्येच्यात तर काईच दिसना.”

ते लपवत होते असं नाही. त्यांना खरोखर माहीत नव्हतं, आणि याचंच मला अजूनही वाईट वाटतं. परभणीच्या डोळ्यांच्या डॉक्टरणीनं तपासून सांगितलं, काचबिंदू. डोळ्यातला दाब हळूहळू वाढतो, कडेकडेनं नजर जाते, दुखत नाही, खुपत नाही. एका डोळ्याला दिसत नाही ते दुसरा भरून काढतो आणि दोघांनाही दिसत नाही ते मेंदू आपल्या अंदाजानं रंगवून टाकतो. ऐकताना मला वाटलं, ही बाई आमच्या खात्याचंच सांगतेय. फक्त इथं पिवळा दिवासुद्धा नव्हता. डावा डोळा गेला तो गेलाच, परत येणार नव्हता. उजव्यालाही सुरुवात झाली होती, पण रोज सकाळ-संध्याकाळ थेंब घातले, एकही दिवस चुकवला नाही, तर तो राहील असं त्या म्हणाल्या. जिलानीभाईंनी विचारलं, जिंदगीभर काच जोडली म्हणून काचबिंदू झाला का? तसा काही संबंध नाही, हे डॉक्टरणीनं दोनदा सांगितलं. त्यांना पटलं असं वाटत नाही.

वेंकटराव साहेबांनी त्या दिवसानंतर केंद्रात एक नवा नेम घातला. महिन्यातून एकदा, भरदिवसा, सगळं ठीक चाललेलं असताना चांगली वाट आपणच मुद्दाम बंद करायची आणि दुसरी खरंच जिवंत आहे का ते बघायचं. आम्ही त्याला ‘पाडून बघणं’ म्हणायचो. वरून ओरडा व्हायचा, की चाललेलं कशाला बिघडवता? साहेब म्हणायचे, झाकून बघितल्याशिवाय कळत नाही. ते बदलून गेले तेव्हा दारात उभं राहून आम्हा सगळ्यांना म्हणाले, मी येतो. आता मला माहीत आहे, जातो म्हणायचं नसतं. मला तेव्हा रडू आलं, हे लिहून टाकते.

जिलानीभाईंना खात्यानं केबलवरून काढून पाथरीच्या केंद्रात बसवलं. आणि काही महिन्यांनी कळलं, की त्यांनी थेंब सोडून दिलेत. दिसतंय, दुखत नाही, मग कशाला, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे वालूरच्या बाबारावांचंच म्हणणं. डॉक्टरणीनं उजवा डोळा तपासला आणि कडेची आणखी थोडी नजर गेल्याचं सांगितलं. आता उरला होता तो मधला तुकडा. तोही गेला तर रजियाभाभींचा चेहरा दिसणार नाही, एवढं सरळ गणित होतं. भाभी तिथंच डोळ्याला पदर लावून बसल्या. त्या पहाटेच बांगड्यांचं गाठोडं घेऊन आज या गावच्या, उद्या त्या गावच्या बाजाराला निघतात, मुलगा हैदराबादला, सकाळी घरात कुणी नाही. थेंब घातले की नाही, बघायला कोण?

मी जिलानीभाईंना भरपूर बोलले. एवढं मी वालूरच्या शिपायालाही बोलले नव्हते. ते खाली मान घालून ऐकत होते. मग मी म्हटलं, आपण राउटरसारखं करू. सकाळी थेंब घातले की मला एक मिस्ड कॉल द्या. एक रिंग, आणि कट. मी उचलणार नाही, तुम्ही बोलायचं नाही.

“आन चुकला तर? तीनची वाट बघनार का तुमी?” त्यांनी विचारलं. धंद्यातला माणूस, त्यांना नियम पाठ होता.

बघू, असं मी म्हणाले.

आम्ही दोघंही निवृत्त झालो, तरी तो मिस्ड कॉल चालू राहिला. सकाळी मी पोळ्या लाटत असते तेव्हा ओट्यावरचा फोन एकदा वाजतो आणि गप्प होतो. आमचे हे शाळेत गणित शिकवायचे, ते पेपरातून डोकं न काढता म्हणतात, पाथरी जिवंत आहे. मी पुढची पोळी तव्यावर टाकते. पण खरं सांगते, तो एकदा वाजेपर्यंत माझ्या पोळ्या नीट फुगत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात एक दिवस तो वाजला नाही.

पोळ्या झाल्या, भाजी झाली, फोन गप्प. मी लावून बघितला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा तेच. भाभींचाही तेच. हे म्हणाले, अगं एखादा वाटेत हरवतो, तूच सांगतेस. तीन होऊ दे. मी म्हणाले, मी राउटर नाही. साडीवरच स्वेटर चढवला आणि स्टँडवर जाऊन पाथरीची गाडी धरली. खिडकीशी बसून सारखं एकच चित्र दिसत होतं, की हा माणूस सकाळी उठलाय, डोळे उघडलेत, आणि दिवा लावायला सांगतोय. मानवतच्या स्टँडवर गाडी फार वेळ थांबली. कंडक्टर चहा प्यायला गेला, मी त्याला मनातल्या मनात काय काय म्हणाले ते इथं लिहिता येणार नाही.

पाथरीला त्यांच्या घराचं दार उघडंच होतं. त्या दिवशी बाजार नव्हता, रजियाभाभी ओसरीत बांगड्या निवडत बसलेल्या. मला बघून चकित झाल्या.

“ते तर तुमच्याकडंच गेलेत, मॅडम.”

मी पहिल्यांदा विचारलं, थेंब? घालून गेलेत, माझ्यासमोर घातले, त्या म्हणाल्या. मग मी ओसरीच्या पायरीवर बसले. पहाटेपासून सगळ्या पाथरीचे मोबाइल बंद होते. दोन्ही अंगानं बांगडी वाढलेली दिसते, असं जिलानीभाईंचं निदान होतं. थोडा वेळ त्यांनी फोन उंच धरून अंगणात फेऱ्या मारल्या आणि मग चपला घालून जीपच्या अड्ड्याकडे निघाले. भाभींनी विचारलं, एका रोजानं काय होतंय, उद्या करा की फोन. तर म्हणाले, मॅडम तीनची वाट बघायच्या न्हाईत.

म्हणजे मानवतला माझी गाडी उभी होती, तेव्हा त्यांची जीप शेजारून गेली असणार. आयुष्यभर नेटवर्कच्या खोलीत बसलेली बाई मी, ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ असं कानानं ऐकूनही नेट गेलं असेल हे मला सुचलंच नव्हतं. भाभींना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या आणि मग त्यांचेच डोळे भरून आले. माझ्या हातांत काचेची एकही बांगडी नाही हे बघून, नुसती एक-एक सोन्याची पाटली, हा काय हात म्हणायचा, असं म्हणत त्यांनी मला समोर बसवलं आणि हिरव्या बांगड्या भरायला घेतल्या. माझी बोटं आता सुजतात, बांगडी सहज चढत नाही. त्या हात दाबून, वळवून, फुंकर घालत एकेक चढवत होत्या. एक कटकन वाजली. वाढली, त्या म्हणाल्या, आणि तुकडे बाजूला ठेवून दुसरी घेतली.

तेवढ्यात ओसरीत ठेवलेला माझा फोन उजळला. कुणीतरी कुठंतरी खड्ड्याशेजारी गोणपाटावर बसून काच जोडली होती. फोन एकदा वाजला आणि गप्प झाला. वाकून बघितलं तर नंबर आमच्याच घरचा, आम्ही अजून न काढलेल्या जुन्या लँडलाइनचा.

“उचलायचा न्हाई का?” भाभींनी विचारलं. माझा हात त्यांच्या हातात होता, बांगडी अर्धी चढलेली.

“नाही,” मी म्हणाले. “पोचले.”